रस्सा तीनदा गरम केला आणि तो आलाच नाही

पत्र थोडक्यात देते, बाकीचं खासगी म्हणून काढलंय.

"मावशी, मी ३१ वर्षांची आहे. गुजरीत एका सराफाकडं अकाउंट्स बघतो, रंकाळ्याजवळ भाड्याच्या फ्लॅटात एकटीच राहतो, आई गडहिंग्लजला. तो पुण्यात कंपनीत आहे, अडीच वर्षं झाली आमची. पंधरा दिवसांतनं एकदा शनिवारी रात्री येतो. गेल्या पाच महिन्यांत तीनदा 'निघालो' असा मेसेज टाकून आलाच नाही. पहिल्यांदा गाडी बंद पडली म्हणाला, दुसऱ्यांदा झोप लागली म्हणाला, परवा तर कारणच सांगितलं नाही. त्या रात्री तांबडा-पांढरा केला होता, पांढरा रस्सा तीनदा गरम केला आणि शेवटी फुटला. वॉचमनमामांना सांगितलेलं, पाव्हणं येणार आहेत, गेट उघडं ठेवा. साडेसातला त्याचा 'निघालो' आला, त्यानंतर माझ्या मेसेजला एकच टिक. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी दोन टिक झाल्या, निळ्या सकाळी ९:४० ला, आणि रिप्लाय १२:१५ ला, 'सॉरी यार काल जमलंच नाही, तू झोपायचंस की'. मी रात्रभर गॅलरीत बसलो होतो. पहाटे रंकाळ्यावर फिरायला येणारी माणसं सुरू झाली, त्यांच्यात त्याला शोधत होतो. मी येडी आहे काय? वाट बघायची सोडू काय?"

अगं बाळा,

तुझं 'बसलो होतो, शोधत होतो' वाचून आधी बरं वाटलं, आपल्या कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसंच लिहिलंयस, एवढी दुखावलेली असून भाषा बदलली नाहीस. मग ते रंकाळ्याचं आलं आणि मी फोन खाली ठेवला. पावसाळ्यातली पहाट, पाण्यावर अजून काळोख, कुणी रेनकोट घालून कुणी छत्री धरून चालतंय आणि वरनं तू चालीवरनं ओळखायला बघतेस. हे मी पण केलंय एके काळी म्हणून सांगते, लांबनं येणारा प्रत्येक माणूस पहिली दहा पावलं आपलाच वाटतो.

तर येडी नाहीस. हे पहिल्यांदा वाच आणि मग पुढचं वाच. ज्यानं येतो म्हणून सांगितलंय त्याची वाट बघणं हे शहाण्या माणसाचंच काम आहे, त्याच्या शब्दावर तू जेवण केलंस, गेट उघडं ठेवलंस, यात तुझं चुकलं काय? मला तर सगळ्यात जास्त वाईट त्या गेटचं वाटलं. पत्रात तू ते एका ओळीत लिहून पुढं गेलीस पण मला दिसतंय ना, सकाळी तू दूध आणायला खाली उतरली असशील आणि मामांनी सरळ मनानं विचारलं असेल, "आलं नाहीत काय पाव्हणं?" आणि तू काहीतरी सांगितलं असशील, ऑफिसचं काम निघालं म्हणून. म्हणजे रात्रभर जागलीस तू आणि सकाळी त्याच्यासाठी खोटं पण तूच बोललीस. घरमालक, मैत्रीण, आई, कुणाकुणाला असं सांगितलंयस आजवर? हे अजून कुणी तुला विचारलं नसेल म्हणून मी विचारते.

माझी एक रात्र सांगते, १९९६ सालची. लग्नाला वर्ष झालेलं, मंगळवार पेठेत दोन खोल्या, आमचे हे साखर कारखान्यात फिटर. गळीत हंगाम चालू, दुसरी पाळी सुटली की बारा साडेबारापर्यंत सायकल दारात लागायची. त्या रात्री एक वाजला, दीड वाजला, दोन वाजले, नाहीतच. आमच्याकडं फोन नव्हता, वरच्या मजल्यावर काकूंकडं होता. ताटावर ताट झाकून मी उंबऱ्यात बसलेली आणि डोक्यात उसाच्या ट्रॉल्या, अंधारातनं बिनलाईटच्या येतात ना त्या, दुसरं काही सुचेना. पावणेतीनला काकूंनी वरनं हाक मारली, तुझा फोन. मी जिना कसा चढले ते आजही आठवत नाही. पलीकडनं हे म्हणाले, मिलमध्ये बिघाड झालाय, आम्हाला सोडलं नाही, सकाळी येतो, तू जेव आणि झोप. एवढंच. मिल हाऊसपासून टाइम ऑफिसपर्यंत चालत येऊन, तिथल्या माणसाच्या हातापाया पडून, रात्री पावणेतीनला दुसऱ्याच्या घरातली माणसं उठवायची लाज बाजूला ठेवून केलेला फोन होता तो. आले सकाळी आठला, हाताला ग्रीस, डोळे लाल. मी भांडले नाही. भांडायला काही शिल्लकच नव्हतं गं, ते त्या रात्री आले नव्हते हे खरं पण मला सोडूनही गेले नव्हते.

आता तू म्हणशील मावशी तुमची गोष्ट वेगळी, लग्न झालेलं होतं. ते खरंच आहे आणि त्याच्यावर मी येणारच आहे. पण आधी एवढं बघ की त्यांच्या खिशात फोन नव्हता आणि तुझ्या माणसाच्या खिशात रात्रभर होता. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुण्याकडच्या गाड्या अडकून पडल्या, तेव्हा माझा भाचा किणी टोल नाक्याच्या पलीकडं रांगेत होता, बॅटरी संपलेली. त्यानं एका ट्रकवाल्याचा फोन मागून घेऊन बायकोला दोन वाक्यं सांगितली. नंबर पाठ होता म्हणून जमलं. तुझ्या त्याला तुझा नंबर पाठ आहे का, कधी विचारलंयस?

न येणं मी माफ करते. गाडी बंद पडते, बॉस अडवतो, माणूस थकतो, अगदी ऐनवेळी यायचा मूडच होत नाही असंही होतं, माणूस आहे. पण न कळवणं वेगळं. न येण्यात त्याचा नाइलाज असू शकतो, न कळवण्यात बहुतेक वेळा नसतो. तू या दोन्हीची गाठ मारून बसलीयस आणि म्हणून तुला त्याच्यावर धड रागावता येईना, कारण मनात येतं की बिचारा दमला असेल. दमू दे की. दमलेल्या माणसाला पण 'नाही येत, झोप' एवढं टाइप करायला दहा सेकंद लागतात.

आपल्याकडं वाट बघणाऱ्या बाईचा विचार फार जुन्या काळापासनं झालाय. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ नायिका सांगितल्यात, कथक भरतनाट्यम शिकणाऱ्या मुली अजून त्या शिकतात. त्यात घर आवरून, स्वतः आवरून बसलेली ती वासकसज्जा, म्हणजे शनिवारी रात्री नऊ वाजताची तू, रस्सा झालाय, केस धुतलेत. तो काही कामात गुंतून पडला म्हणून आला नाही आणि ही तळमळते ती विरहोत्कंठिता. येण्याचं ठरवून आला नाही आणि हिला फसवल्यासारखं झालं ती विप्रलब्धा. आणि तो दुसरीकडं रमला म्हणून आला नाही, ती खंडिता. बघ किती बारीक विचार केलाय, अंथरूण तेच, रात्र तीच, दिवा तोच, पण तो का आला नाही यावरनं तिचं नाव बदलतं. पहिल्या शनिवारी तू विरहोत्कंठिता होतीस, गाडी बंद पडली होती, मी ते खरं धरते. परवा तू विप्रलब्धा होतीस. खंडिता आहेस का हे तुझ्या पत्रावरनं मला कळत नाही, तुलाही कळलेलं नाही, म्हणून मी त्याच्या अंगावर नसलेलं पाप टाकणार नाही. पण विप्रलब्धा व्हायला दुसरी बाई लागतच नाही बाळा. 'निघालो' लिहिलं आणि आला नाही, तेवढं पुरतं.

टिकांचं बोलू. तू एक वाजून दहा मिनिटांचं मला तीन वेळा लिहिलंयस पत्रात (दोन मी काढले), म्हणजे तुझं सगळं मन तिथं अडकलंय. त्या दोन करड्या टिकांचा अर्थ एवढाच की त्याच्या फोनला नेट मिळालं. बंद पडलेला फोन चार्जिंगला लावून माणूस झोपला तरी मेसेज आपोआप पोचतात. तेव्हा तो कुठं होता, कुणासोबत होता, जागा होता का, यातलं काहीही त्या टिकांवरनं कळत नाही, त्याच्यावर एक मिनिट पण घालवू नको. मात्र ९:४० च्या निळ्या टिकांना पोलिसी डोकं लागत नाही. त्यानं वाचलं. तुझे चौदा मेसेज आणि तू टाकून परत डिलीट केलेले नऊ, ते पण डिलीट केलेत एवढं दिसतंच, सगळं त्यानं बघितलं, आणि त्यानंतर अडीच तासांनी 'तू झोपायचंस की' म्हणाला. मला त्या 'की' चा राग आला. जागलीस ती चूक पण तुझ्याच खात्यावर टाकली त्यानं.

आता ते लग्नाचं. रात्री तुला काय काय वाटलं ते तू लिहिलंयस, खंबाटकीत काही झालं असेल, कराडच्या पुढं रस्त्याच्या कामात गाडी गेली असेल. ही भीती येडेपणाची नाही, पावसात तो हायवे मी पण ओळखते. पण मला सांग, देव न करो, खरंच काही झालं असतं तर तुला कळवलं असतं कुणी? त्याच्या घरी तुझं नाव माहीत नाही असं तूच लिहिलंयस. रूममेटचा नंबर तुझ्याकडं नाही. त्याच्या ऑफिसात कुणाला तू माहीत नाहीस. म्हणजे अडीच वर्षांनी सुद्धा त्याच्या आयुष्यातला एकही माणूस तुला फोन करणार नाही. माझ्या १९९६ च्या रात्रीत आणि तुझ्या रात्रीत खरा फरक हा आहे. मंगळसूत्र असण्यानसण्याचा विषय नाही हा, मी लग्न न करता नीट सोबत राहणारी माणसं बघितलीत. पण कारखान्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं की याची बायको मंगळवार पेठेत वाट बघतेय. तुझी वाट बघणं फक्त तुला, मला आणि वॉचमनमामांना माहीत आहे. म्हणून तर ती रात्र एवढी लांबली.

तरी तू पुढच्या शनिवारी परत बसणार हे मला माहीत आहे आणि का बसणार ते पण सांगते. तो कधीच येत नसता तर तू दुसऱ्या महिन्यातच दार लावलं असतंस. तो येतो ना अधूनमधून, आणि आला की रंकाळ्यावर भेळ, खणाचं कापड, मोठमोठी बोलणी, सगळं छान. बी. एफ. स्किनर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी कबुतरांवर प्रयोग केलेले, चोच मारली की दाणा पडायचा. ज्या पाखराला दर वेळी दाणा मिळायचा त्याला तो बंद केल्यावर ते थोड्या वेळात सोडून द्यायचं. पण ज्याला कधी मिळायचा कधी नाही, ते दाणा पूर्ण बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारतच राहायचं. तुझ्या प्रेमाला मी कबुतर म्हणत नाही, तसं वाटून घेऊ नको. एवढंच सांगते की सोडवत नाही म्हणजे ते फार थोर प्रेम आहे असं लगेच धरू नको, कधीतरी येणाऱ्या गोष्टीची सवय अशीच चिकट असते, मटक्याच्या आकड्यानं संसार बुडवलेली माणसं आपण या जिल्ह्यात बघितलीच आहेत.

वाट बघायची सोडू काय, असं विचारलंयस. मी सोड म्हणणार नाही, ते तुझं तू ठरवशील आणि आज ठरवू पण नको. आधी त्याच्याशी बोल. मेसेजवर नको, फोनवर पण नको, पुण्याला जायची वेळ आली तरी जा पण समोर बसून. आणि तुझं कोण आहे का, मला टाळतोयस का, असले प्रश्न घेऊन जाऊ नको, त्याला 'तू संशय घेतेस' म्हणून उठायला वाट मिळेल. एकच विचार, "त्या शनिवारी तू निघालो लिहिलंस, तर कुठपर्यंत आला होतास?" पुण्याहून कोल्हापूर २३० किलोमीटरच्या आसपास, साडेसातला निघाला तर साडेबाराच्या आत तुझ्या दारात. निघाला असेल तर कुठंतरी परत फिरला असेल ना, सातारा, कराड, कुठंतरी. जागेचं नाव सांगू दे. आणि निघालाच नसेल तर तो मेसेज टाइप करताना तो खोलीवरच होता, हे त्याच्या तोंडनं ऐक. मग गप्प बस थोडा वेळ. तू फार लवकर सावरून घेतेस त्याला, पत्रात पण प्रत्येक तक्रारीनंतर 'पण तो तसा चांगला आहे' लिहिलंयस, त्या वेळी तेवढं करू नको.

नंतर दोन गोष्टी माग. रूममेटचा किंवा भावाचा नंबर, आणि त्यांना तुझा नंबर देऊन ठेवणं, तुझ्या नावानिशी. आणि यायचं नसेल तर रात्री नऊच्या आत एक मेसेज, कारण नको, फक्त 'येत नाही'. दोन्ही फुकटच्या गोष्टी आहेत. दिल्या तर मनापासून पुढं बघ, मला आनंदच होईल. दुसरी दिली आणि पहिली टाळली, 'एवढी काय गरज आहे' असं म्हणाला, तर तू त्याला कोण आहेस याचं उत्तर तुला मिळालं, ते माझ्याकडनं यायची गरज नाही.

आणि रात्रीचं. शनिवारी जेवण नेहमीसारखं स्वतःपुरतं कर, तांबडा-पांढरा तो दारात आल्यावरच, किंवा रविवारी दुपारी. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतं, परत परत उकळला की फुटणारच, त्यात तुझ्या हाताचा दोष नाही, हे पण तू मनाला लावून घेतलेलं दिसलं म्हणून लिहिते. तो निघाला असेल तर सातारला थांबून एक फोन करायचा आणि हायवेवरनं कोल्हापुरात वळायच्या तावडे हॉटेलच्या चौकात आला की दुसरा. तिथनं तुझ्या घरापर्यंत यायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात तू उठून तोंड धुऊन दार उघडू शकतेस, रात्रभर गॅलरीत बसायचं कारणच उरत नाही. सातारचा फोन आलाच नाही तर त्याच्या रूममेटला एकदा, फक्त एकदा, विचार. अपघाताची खरीच शंका आली तर ११२ ला लाव, लाजू नको. यातलं काही नसेल तर बारा ते सहा मेसेज टाकायचा नाही, फोन स्वयंपाकघरात ठेव आणि पलंगावर जा. पहाटे तीन-चारला शरीर सगळ्यात गार आणि सगळ्यात दमलेलं असतं, त्या वेळी सगळं जास्तीच काळं दिसतं, तेव्हा काढलेला अर्थ सकाळी चहानंतर परत तपासून बघायचा.

झोप नाही लागली तर नाही लागली, पडून राहा. जेवण जात नाही, दिवसा गुजरीत हिशेबात चुका व्हायला लागल्यात असं तू लिहिलंयस, ते अजून दोन आठवडे राहिलं तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानसचा आहे, सरकारी, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आणि रविवारी सकाळी सीबीएस स्टँडवर जाऊन गडहिंग्लजची गाडी पकड, आईकडं जेव, आईला खरं सांग. सगळं नाही सांगितलंस तरी 'मला बरं वाटत नाही' एवढं सांग, आया पुढचं ओळखतात.

पण त्याच्या आधी शनिवारी अकरा वाजता, त्याचा कुठलाच फोन आला नसेल तर, खाली जा. गॅलरीतनं हाक मारू नको, खाली जा. मामा विचारतील पाव्हण्यांचं. ऑफिसचं काम, गाडी, पाऊस, काही सांगू नको. "नाही येत आज, गेट लावून घ्या मामा" म्हण, आणि ते कडी घालेपर्यंत तिथंच थांब, मग वर जा.